ग्रॅज्युएशन रेट ३० टक्के: पर्यायी चार्टर हायस्कूलचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं

अमेरिकेतली पहिली चार्टर शाळा निघाली ती शाळा सोडून बसलेल्या मुलांसाठी. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला, देशातला पहिलाच, आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी नावाचं एक छोटंसं हायस्कूल उघडलं. मायलो कटर या शिक्षिका तिच्या संस्थापकांपैकी एक. नेहमीच्या हायस्कूलमधून बाहेर पडलेल्या पोरांना आधी वर्गात आणून बसवायचं आणि मग डिप्लोमापर्यंत, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या दाखल्यापर्यंत न्यायचं, हे त्या शाळेने उचललेलं काम.

अशा शाळांना पर्यायी चार्टर हायस्कूल म्हणतात, आणि त्यांचे आकडे पाहिले की पहिल्या नजरेत धस्स होतं. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं घर घेताना सगळ्यात आधी शाळेचं रेटिंग उघडतात. ग्रेटस्कूल्स या शाळांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर १० पैकी ९ असेल तर घर महाग असलं तरी चालतं. त्याच यादीत खाली कुठेतरी १ किंवा २ गुणांची शाळा दिसते, ग्रॅज्युएशन रेट (वेळेत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) तीसेक टक्के, गणितात 'प्रवीण' मुलं जवळजवळ नाहीतच. आपण पुढे सरकतो. आज मला त्या पानावर जरा थांबायचं आहे. ते पान नीट वाचता आलं पाहिजे, कारण त्यावर हजारो मुलांबद्दलचे निर्णय होतात आणि शाळा बंदही पडतात.

आधी चार्टर म्हणजे काय ते. सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतःच्या मंडळाने चालवलेली शाळा. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी थोडंफार जुळतं, फरक कराराचा. चार्टर म्हणजे करारच: अमुक वर्षांत मुलं अमुक इतकी शिकतील असं शाळा लिहून देते आणि मान्यता देणारी संस्था ठरावीक वर्षांनी ते तपासते. जमलं नाही तर करार संपतो, शाळेला टाळं लागतं. शाळेला आपल्या पसंतीची मुलं वेचून घेता येत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. २०२१ च्या अखेरीस देशात चार्टर शाळांत सुमारे ३७ लाख मुलं शिकत होती, म्हणजे सरकारी शाळांतल्या दर शंभरामागे सातेक. पर्यायी हायस्कूल हा त्यातला छोटा हिस्सा.

'पर्यायी' हा शिक्का राज्य देतं आणि त्याची अट आकड्यात असते. कॅलिफोर्नियात निदान ७० टक्के विद्यार्थी जास्त जोखमीच्या गटातले असावे लागतात. टेक्सासमध्ये अशी अट ७५ टक्क्यांची आहे. कॅलिफोर्नियाची जोखमीची यादी वाचताना मन जड होतं: शाळेतून काढलेली, क्रेडिटमध्ये (पास केलेल्या विषयांच्या हिशेबात) मागे पडलेली, गरोदर किंवा मूल असलेली, बेघर, फोस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या घरी) वाढणारी, कोर्टाच्या ताब्यात असलेली, शाळा सोडून परत आलेली. म्हणजे ही मुलं इथे असणं हीच या शाळेच्या नोंदणीची अट आहे. हे डोक्यात ठेवूनच पुढचे आकडे बघायचे.

आता एका मुलीची गोष्ट घेऊ. ही मुलगी मी कल्पनेने उभी केली आहे, पण तिच्यासारखी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे आजवर काय शिकली त्याची नोंद, अशा शाळांच्या कार्यालयात रोज येत असते. ती नववीत पहिल्यांदा बसली २०२१ च्या सप्टेंबरात. आई आजारी पडली, दोनदा घर बदललं, संध्याकाळची नोकरी धरली. २०२४ च्या जानेवारीत ती पर्यायी चार्टर शाळेत आली तेव्हा तिच्याकडे ६ क्रेडिट होते. मिनेसोटात डिप्लोमासाठी किमान २१.५ लागतात. सोबतच्या मुलांकडे एव्हाना तेरा-चौदा जमले असणार. हिला हवेत अजून १५.५.

क्रेडिट म्हणजे साधारण वर्षभर एक विषय शिकून पास होणं. नेहमीच्या वेगाने वर्षाला साडेपाच-सहा मिळतात. चार वर्षांची मुदत संपते २०२५ च्या जूनमध्ये, म्हणजे तिच्या हातात दीड वर्ष. एकही दिवस चुकवला नाही, सगळ्या विषयांत पास झाली, तरी आठ-नऊ क्रेडिट होतील. गणित सरळ आहे: ज्या दिवशी ती या शाळेच्या दारात आली, त्याच दिवशी चार वर्षांच्या रेटपुरती ती 'नापास' ठरली होती. शिक्षकांनी अजून तिचं नावही नीट पाठ केलेलं नाही.

अमेरिकेत ग्रॅज्युएशन रेट काढायची रीत सगळीकडे एकच आहे. नववीत एकाच वर्षी पहिल्यांदा बसलेल्या मुलांची एक तुकडी धरतात. दुसऱ्या शाळेतून आलेली मुलं त्यात मिळवतात, दुसऱ्या शाळेत गेलेली वजा करतात. चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळवणारे अंशात, तुकडीतले सगळे छेदात. २०१०-११ पासून राज्यं या एका मापाने आकडे देऊ लागली. त्या वर्षी देशाचा रेट ७९ टक्के होता, २०१९-२० मध्ये ८७ झाला. जीईडी नावाची समकक्ष परीक्षा दिली तर ती यात धरत नाहीत. पाचव्या वर्षी डिप्लोमा घेणारा आणि घरी बसलेला, दोघंही चार वर्षांच्या रेटमध्ये एकाच ठिकाणी, 'ग्रॅज्युएट नाही' या बाजूला.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वजाबाकीचं. एक मोठं हायस्कूल घ्या, तुकडी ४०० मुलांची, ३४० जणांनी वेळेत डिप्लोमा घेतला. रेट ८५ टक्के. उरलेल्या ६० पैकी २० मुलं अकरावी-बारावीत पर्यायी चार्टरकडे गेली असती, तर ती या शाळेच्या छेदातून निघून गेली असती. ३४० भागिले ३८०, म्हणजे साडे एकोणनव्वद टक्के. एकाही मुलाला जास्त शिकवलं नाही आणि रेट साडेचार टक्क्यांनी वर गेला. ती वीस मुलं आता चार्टरच्या छेदात. तिथे तुकडी पन्नासच मुलांची असेल, त्यातली १५ वेळेत पुरी झाली, तर ३० टक्के.

पण तीच पन्नास मुलं आणखी दोन वर्षं बघा. पाचव्या वर्षी अजून १२ जणांनी डिप्लोमा घेतला: ५० पैकी २७, म्हणजे ५४ टक्के. सहाव्या वर्षी ४ जणांनी: ६२ टक्के. शाळा तीच, मुलं तीच. काही राज्यं हे पाच आणि सहा वर्षांचे रेटही छापतात, पण बातमीत येतो तो पहिला.

२०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट या फेडरल कायद्यात एक रेषा आखली आहे. ज्या सरकारी हायस्कूलमध्ये एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं ग्रॅज्युएट होत नाहीत, ते सुधारणेच्या यादीत जातं. रेषा मूळ ज्या शाळांसाठी आखली त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. हजार मुलांच्या नेहमीच्या हायस्कूलमध्ये तिसरा हिस्सा गळत असेल तर कुणीतरी जाब विचारायलाच हवा. पर्यायी शाळा मात्र त्या रेषेखालीच जन्माला येते. याच कायद्यात अर्ध्या वर्षाहून कमी काळ राहून गळालेल्या मुलाचाही विचार आहे: तो जिथे जास्त काळ शिकला त्या शाळेच्या नावावर धरायचा की शेवटच्या शाळेच्या, हे राज्याने ठरवायचं. तीन आठवडे आलेल्या मुलाचं अपयश कुणाच्या खात्यावर लिहायचं याचं उत्तर त्यामुळे राज्य बदललं की बदलतं.

परीक्षांचंही तसंच. मिनेसोटात हायस्कूलमध्ये वाचनाची राज्य परीक्षा दहावीत आणि गणिताची अकरावीत असते. निकालात दिसतं ते किती टक्के मुलं 'प्रवीण' पातळीला पोचली एवढंच. एखादा मुलगा आला तेव्हा पाचवीच्या पातळीचं वाचत होता आणि वर्षभरात सातवीच्या पातळीला आला. एका वर्षात दोन वर्षांची मजल. कुठल्याही शिक्षकाला विचारा, हे काम किती अवघड आहे. टक्केवारीत त्याची किंमत शून्य, कारण तो दहावीच्या रेषेखालीच राहिला. म्हणून बऱ्याच पर्यायी शाळा वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मॅप नावाची संगणकावरची चाचणी घेतात आणि प्रत्येक मूल स्वतःच्या जागेवरून किती पुढे सरकलं ते मोजतात. तो आकडा रेटिंगच्या पानावर सहसा नसतो. शाळेच्या वार्षिक अहवालात शोधावा लागतो.

हजेरीचा नियम असा: वर्षाचे १० टक्के दिवस चुकले की मूल 'सतत गैरहजर'. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. मागच्या शाळेत पन्नास टक्के दिवस येणारी मुलगी इथे ८० टक्के दिवस येऊ लागली, तरी ती त्या गैरहजरांच्या यादीतच. पर्यायी शाळेत गैरहजेरीचं कारण बहुतेक वेळा वर्गाबाहेर असतं: धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, बस दोनदा बदलावी लागते, रात्रपाळी करून सकाळी डोळा लागला.

इथवर झाली गुणपत्रिका. त्याच पानावर दुसरा भाग असतो विद्यार्थ्यांच्या ओळखीचा: किती टक्के कुठल्या वंशाचे, किती गरीब, किती इंग्रजी शिकणारे, किती विशेष शिक्षण घेणारे. लोक हा भाग वाचून लगेच निष्कर्ष काढतात, आणि इथे तर अजून सांभाळून चाललं पाहिजे.

गरिबीचा रकाना खरं तर शाळेतल्या जेवणाचा असतो. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर दुपारचं जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. वर्षानुवर्षं हेच गरिबीचं माप होतं. पुढे एक सोय आली: ज्या शाळेत अन्नमदतीसारख्या योजनांमुळे आपोआप पात्र ठरणारी मुलं ठरावीक प्रमाणात आहेत (पूर्वी ४० टक्के, २०२३ पासून २५), तिने सगळ्यांनाच मोफत जेवू घालावं, फॉर्म भरून घेऊ नयेत. मुलांसाठी फार चांगलं झालं. रांगेत कोण गरीब, कोण नाही हे दिसेनासं झालं. आकड्यांसाठी मात्र माप सैल झालं, कारण फॉर्मच नाहीत तर गरीब किती हे नेमकं कळत नाही. म्हणून एका शाळेचे ९५ आणि दुसरीचे ७० शेजारी ठेवण्याआधी दोघींनी मोजलं कसं ते विचारावं लागतं.

वंशाच्या रकान्यांत 'एशियन' हा एक चौकोन असतो. ट्विन सिटीजच्या (मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या) उपनगरात राहणाऱ्या मराठी इंजिनिअरचा मुलगा त्या चौकोनात. लाओसमधल्या युद्धानंतर, १९७५ पासून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग कुटुंबाची नात त्याच चौकोनात. म्यानमारमधून आलेला करेन मुलगाही तिथेच. सेंट पॉलमध्ये ह्मोंग वस्ती देशातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. या तिघांच्या घरातली पुस्तकं, आईवडिलांचं शिक्षण, अमेरिकेत येण्याचं कारण, काहीच एक नाही. सरासरी मात्र एक. 'एशियन मुलं छान करतात' असं वाक्य आपल्या कौतुकाचं वाटतं, पण त्याच्या सावलीत ह्मोंग आणि करेन पोरांची अडचण झाकली जाते. तिथल्या समाजांनी हे लावून धरलं आणि २०१६ मध्ये मिनेसोटाने गटवार नोंदीचा कायदा केला. आपण त्या चौकोनातले म्हणून हे आपल्यालाही माहीत असायला हवं.

विशेष शिक्षणाचा रकाना देशभरात सुमारे १५ टक्के असतो, पर्यायी शाळांत बहुधा त्याहून वर. 'बेघर' या शब्दाचा अर्थ फुटपाथवर झोपणारा एवढाच नाही. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याप्रमाणे घर गेल्यामुळे नातेवाइकाच्या हॉलमध्ये गादी टाकून राहणारं मूलही त्यात येतं. आणि मुलं ते सांगतातच असं नाही. हा आकडा शाळेवरच्या विश्वासाप्रमाणे वर-खाली होतो: जिथे मूल मोकळेपणाने बोलतं तिथे बेघर मुलं जास्त 'दिसतात'.

शाळा लहान असली की अजून एक अडचण. एखाद्या गटात मोजकीच मुलं असतील तर त्यांची ओळख पटू नये म्हणून आकडा झाकून तिथे चांदणी छापतात. योग्यच आहे. पण १२० मुलांच्या शाळेत अर्धं पान चांदण्यांनी भरतं, आणि जे आकडे उरतात ते एकदोन मुलांनी पाच-पाच टक्के हलतात. एका वर्षाची उडी किंवा घसरण बघून काही बोलू नये. शिवाय ही ओळख एका दिवसाची असते, बहुधा ऑक्टोबरच्या सुरुवातीची. पर्यायी शाळेत मुलं वर्षभर येत-जात राहतात. मार्चमध्ये वर्गात बसलेली निम्मी मुलं ऑक्टोबरच्या फोटोत नसूही शकतात.

हे सगळं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग या शाळांना सगळंच माफ का? अजिबात नाही. ओहायोत इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो नावाची ऑनलाइन चार्टर शाळा होती. १५ हजारांहून जास्त विद्यार्थी असल्याचं ती सांगायची. राज्याने २०१५-१६ च्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यातल्या निम्म्याहून कमी मुलांच्या शिकण्याचा पुरावा मिळाला, आणि सुमारे ६ कोटी डॉलर परत करायला सांगितले. २०१७ मध्ये या शाळेने आपल्याला 'गळालेल्यांना परत आणणारी शाळा' असा दर्जा मिळावा म्हणून अर्ज केला. तसा दर्जा मिळाला की मोजमाप सौम्य होतं. २०१८ च्या जानेवारीत शाळा बंद पडली आणि हजारो मुलं वर्षाच्या मध्यात नवीन शाळा शोधत फिरली. त्याआधी, २०१७ मध्येच, प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातल्या ऑर्लँडोबद्दल लिहिलं होतं: चांगलं रेटिंग असलेलं मोठं हायस्कूल मागे पडलेली मुलं पर्यायी चार्टरकडे सरकवत होतं, आणि तिथे मुलं दिवसाचे चार तास संगणकासमोर बसत होती, शिकवणारं माणूस क्वचितच. वर केलेली वजाबाकी इथे प्रत्यक्षात चालली होती.

म्हणून प्रश्न विचारायचेच, पण या शाळेला लागू पडणारे. मूल आलं तेव्हा किती क्रेडिट होते आणि दर सत्रात किती मिळवले? निदान नव्वद दिवस टिकलेल्यांपैकी किती जण वर्षअखेरीला अजून इथे आहेत, किंवा डिप्लोमा घेऊन गेले? डिप्लोमापासून वर्षभराच्या अंतरावर असलेल्यांपैकी किती जण त्या वर्षात पुरे झाले? कॅलिफोर्नियाने अशा शाळांसाठी या शेवटच्या प्रश्नावर आधारलेला एक वर्षाचा रेट काढून वापरला होता. ज्या शाळेला ही उत्तरं देता येत नाहीत, तिच्याबद्दल मला शंका वाटते, मग तिचे विद्यार्थी कितीही अडचणीतले असोत. अडचण मुलांची असते. तिच्यामागे शाळेने लपू नये.

काम नीट करणाऱ्या शाळा काय करतात हेही बघण्यासारखं आहे. वॉशिंग्टनमध्ये १९९७ साली जेम्स फोरमन धाकटे आणि डेव्हिड डोमेनिची या दोन वकिलांनी कोर्टाच्या फेऱ्यात अडकलेल्या २० मुलांना घेऊन माया अँजेलू शाळा सुरू केली. पुढे ती चार्टर झाली. फोरमन त्याच शहरात सरकारी बचाव वकील होते, कोर्टात उभ्या राहणाऱ्या मुलांना शाळेची दारं बंद झालेली त्यांनी रोज पाहिली होती. इंडियानापोलिसमध्ये २०१० ला गुडविल संस्थेने एक्सेल सेंटर काढलं, मोठ्या माणसांसाठी चार्टर हायस्कूल. तिथे समकक्ष परीक्षा देऊन सुटका नाही, खरा डिप्लोमा घ्यायचा, आणि वर्गाशेजारी मोफत पाळणाघर. चौतीस वर्षांची आई बीजगणित शिकते तेव्हा तिचं लेकरू पलीकडच्या खोलीत खेळत असतं. तिची चार वर्षांची तुकडी कधीच बंद झालेली आहे. तिला कुठल्या छेदात बसवणार?

आपल्याकडे रात्रशाळेत शिकलेल्या किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. दिवसभर काम करून रात्री सातला बाकावर बसणाऱ्या मुलाचा निकाल शिकवणी लावलेल्या मुलाशेजारी मांडला की काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याने अनुभवलेलं असतं.

आता त्या मुलीकडे परत. तिने दोन उन्हाळे शाळेत घालवले, एक विषय दोनदा दिला, मधले चार आठवडे आलीच नाही, मग आली. २०२६ च्या जूनमध्ये तिचे २१.५ क्रेडिट पुरे होतात. तिच्या तुकडीचा चार वर्षांचा रेट तोवर छापून झालेला असतो, आणि त्यात ती 'ग्रॅज्युएट नाही' म्हणून कायमची नोंदली गेलेली असते. पाच वर्षांच्या रेटमध्ये ती अंशात येईल. तो रेट पुढच्या वर्षी, पानाच्या खालच्या बाजूला, वेगळ्या रकान्यात छापतात.